विहिरीवरचा रौप्यमहोत्सव
(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभात केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा समितीने आम्हांस केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. धर्मग्रामाचा इतिहास सांगावयास आमच्याहून अधिक अधिकारी मंडळी येथे बसलेली आहेत. त्यांच्या प्रांतात आम्ही शिरू इच्छीत नाही. आम्ही आज दुसऱ्याच एका ज्युबिलीची आठवण सांगणार आहोत. ती ज्युबिली आपल्या देशाची होती. भारताच्या स्वातंत्र्यास २५ वर्षे पूर्ण झाली, तो १५ ऑगस्ट १९७२चा दिवस आम्ही दहा वर्षांच्या वयात पाहिला. त्या दिवशी जे शिकलो, ते आजच्या आनंदाच्या दिवशी आपल्या कानी घालावे, एवढाच आमचा हेतू आहे.

१५ ऑगस्ट हा दिवस आपणां कॅथलिकांस दुहेरी सणाचा, हे लहानथोर सर्वांस ठाऊकच आहे. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण ख्रिस्तसभा फार प्राचीन काळापासून ह्याच दिवशी पाळीत आली आहे. पुढे १ नोव्हेंबर १९५० रोजी पोप बारावे पायस ह्यांनी तो आपल्या श्रद्धेचा सिद्धांत म्हणून जाहीर केला. त्याच्या तीन वर्षे आधी, १९४७ साली, ह्याच तारखेस देश स्वतंत्र झाला. त्या वेळी आपला बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. धर्मकार्याच्या दृष्टीने हा मुलूख त्या वेळी नागपूरच्या धर्मप्रांतात होता. आपल्या अमरावती धर्मप्रांताची स्थापना १९५५ सालची.

आमच्या आजीने १९४७चा तो दिवस आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. ती सांगत असे की, सकाळी लॅटिनमध्ये मिस्सा झाली, नंतर फादरांनी सर्वांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, आणि मंडळी घरी परतत असता चावडीवर बसलेल्या कोणी तिला चेष्टेने विचारले, "तुमचा सायेब गेला वो, आता तुमचं कसं?" आजीने चालता चालताच उत्तर दिले, "सायेब गेला त गेला, देव थोडाच गेला!" हा प्रसंग सांगताना ती पोट धरून हसे. परंतु त्या चेष्टेत एक काटा होता, आणि तो पुढे पुष्कळ वर्षे आमच्या मंडळींस बोचत राहिला, हेही येथे सांगितले पाहिजे. आम्ही ह्याच मातीतले, ह्याच ज्वारीवर वाढलेले. तथापि आपण ह्या देशाचे आहोत हे आम्हांस वारंवार सिद्ध करून दाखवावे लागे.

आमचे गाव घाटाखालचे, पूर्णेच्या खोऱ्यातले. ह्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, हे आपणांस सांगावयास नको. जमीन काळी, कसदार, कापसाला उत्तम. पण विहीर खणावी तर बहुधा खारे पाणी लागते. आमचे गाव त्या पट्ट्याच्या अगदी कडेला असल्यामुळे तेथे कोठे गोडे तर कोठे खारे, असा लपंडाव होता. गावची विहीर वेशीच्या आत, आणि आमची घरे गावकुसाबाहेर. आमच्या आयाबहिणींनी त्या विहिरीस हात लावावयाचा नाही, असा तेथला जुना दंडक. त्यांनी रिकामी घागर घेऊन दहा हात दूर उभे राहावे, कोणास दया आली तर त्याने वरून पाणी ओतावे, न आली तर उन्हात तिष्ठत बसावे. आमच्या आईने हे सर्व भोगले होते. पुढे आमच्या वस्तीत एक लहानसे प्रार्थनामंदिर उभे राहिले आणि मिशनच्या फादरांनी त्याच्या आवारात एक विहीर खणविली. तिला गोडे पाणी लागले. आमच्या वडिलांच्या तोंडी एक वाक्य असे : "आमच्या आयुष्यात दोन स्वातंत्र्ये आली. एक दिल्लीला, आणि एक ह्या विहिरीत." वस्तीच्या विहिरीवर गावातले कोणी फिरकत नसे, तिचे पाणी त्यांस चालत नव्हते.

असो. आता १९७२ सालाकडे वळू.

देशात त्या वर्षी मोठा उत्साह होता. १९७१च्या डिसेंबरातील युद्ध जिंकून वर्षही झाले नव्हते. रौप्यमहोत्सवानिमित्त १४ ऑगस्टच्या मध्यरात्री संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात समारंभ झाला, पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी ह्यांनी स्वातंत्र्यसैनिकांस ताम्रपट देऊन गौरविले, आणि त्यांच्यासाठी निवृत्तिवेतनाची योजना त्याच दिवसापासून सुरू झाली. आणखी एक लहानशी गोष्ट त्याच तारखेस घडली, तिची आज क्वचितच कोणास आठवण असते. आपण पत्त्याखाली जो सहा आकडी पिन कोड लिहितो, तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. बुलढाणा शहराचा ४४३००१ हा आकडा त्याच योजनेतला. गुरुजींनी तो शाळेत फळ्यावर लिहून दाखविला, तेव्हा आम्हां मुलांस वाटले की दिल्लीला आता आपला पत्ता सापडला, पाऊसही येईल.

कारण पाऊस आला नव्हता. त्याआधीचे वर्षही महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी कोरडेच गेले होते. जूनअखेर दोन सरी पडल्या, त्यावर लोकांनी पेरणी केली. कोंब वर आले आणि करपले. काहींनी उसनवार बियाणे आणून दुबार पेरणी केली, तीही गेली. श्रावण लागला तरी आभाळ पितळेच्या परातीसारखे कोरडे. जनावरांस कडबा नाही. गावच्या विहिरीचा तळ दिसू लागला. खाली जे पाणी उरले ते मचूळ आणि गढूळ. आमच्या आवारातील विहिरीस मात्र अजून पुरुषभर पाणी होते.

रौप्यमहोत्सवासाठी आमच्या चौदा-पंधरा घरांनी वर्गणी जमविली होती. मरियेच्या मूर्तीस नवे वस्त्र, आवारात पताका, शाळेच्या प्रभातफेरीत आपल्या मुलांसाठी कागदी झेंडे, आणि मिस्सेनंतर सर्वांस बुंदीचे लाडू, असा बेत होता. एकूण ८५ रुपये जमले होते. आम्हां मुलांच्या स्वप्नात महिनाभर ते लाडूच येत होते.

सणाच्या आदल्या रविवारी मिस्सेनंतर फादरांनी सर्वांस बसवून घेतले. गावातील काही मंडळी त्यांस भेटून गेली होती आणि पाणी मागत होती. फादर म्हणाले, "विहीर मिशनने खणली खरी, परंतु ती तुमची आहे. म्हणून तुम्हांसच विचारतो." क्षणभर कोणी बोलेना. मग आमचे वडील उठले. स्वभावाने ते अबोल होते. चारचौघांत बोलताना आम्ही त्यांस प्रथमच पाहिले. ते म्हणाले, "फादर, ह्याच लोकांनी आमच्या आयांस दहा हात दूर उभे केले. माझी बायको आठव्या महिन्यात असताना रिकामी घागर घेऊन परत आली. आज त्यांची विहीर आटली तेव्हा त्यांस आमचे पाणी चालते होय? उद्या पाऊस पडला म्हणजे पुन्हा चालणार नाही. आम्ही का द्यावे?"

बंधुभगिनींनो, वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यातील अक्षर अन् अक्षर खरे होते, आणि म्हणूनच त्यास उत्तर देणे कठीण होते. फादरांनी त्यांस उपदेश केला नाही. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय उघडला, शोमरोनी स्त्रीची हकिकत सावकाश वाचली आणि पुस्तक मिटून ते खाली बसले. आपणांस ती हकिकत ठाऊक आहे. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानीत, त्यांच्या भांड्यातले पाणी पीत नसत. अशा स्त्रीपाशी प्रभू येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर जाऊन पाणी मागतो. त्या दिवसापर्यंत आम्ही ती गोष्ट ऐकताना स्वतःस त्या स्त्रीच्या जागी पाहत असू. त्या रविवारी प्रथमच ध्यानात आले की, घागर आज आमच्या हातात आहे, आणि पाणी मागणारा दारात उभा आहे.

पुढे बराच वेळ चर्चा झाली. एका विधवा बाईने, जिच्या घरची पेरणी दोनदा करपली होती, सांगितले की आईच्या अंगावर नवे वस्त्र घालून तिची लेकरे तहानेली ठेवली तर ती आई ते वस्त्र अंगावर ठेवणार नाही. शेवटी असे ठरले : वर्गणीच्या पैशातून विहिरीतील गाळ काढावा, आणखी खोल खणावे, आणि पाणी सर्वांस खुले करावे. मात्र एक अट घालावी. जो आधी येईल त्याने आधी भरावे. तेथे मोठे घर, धाकटे घर, आतले, बाहेरले, असा भेद चालावयाचा नाही. वडील त्यावर काही बोलले नाहीत. होही म्हणाले नाहीत.

मंगळवारी १५ ऑगस्ट उजाडला. पहाटे शाळेची प्रभातफेरी निघाली. आम्ही जुन्या सदऱ्यावरच, पण धुऊन, तीत चाललो. शाळेत झेंडावंदन झाले. एका मुलीने जिजाऊंचा वेश घेतला होता. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे तिला टाळ्याही फार पडल्या. तेथून आम्ही थेट मिस्सेस आलो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीतून होऊ लागली होती, त्यामुळे शुभवर्तमान आम्हां मुलांसही कळे. त्या सणाचे वाचन म्हणजे मरिया डोंगराळ प्रदेशात एलिशिबेच्या भेटीस जाते तो प्रसंग आणि तिचे स्तोत्र. त्यात देव भुकेल्यांची आठवण ठेवतो असा भाग येताच साऱ्या मंडळीत एक प्रकारची शांतता पसरली. पोटे खरोखरच रिकामी होती.

मिस्सा संपल्यावर आवारातल्या निंबाखाली झेंडा उभारला आणि पुरुषमंडळी विहिरीकडे गेली. दोर सोडला. तळाशी सर्वांत आधी कोण उतरणार, असा प्रश्न निघण्यापूर्वीच आमच्या वडिलांनी सदरा काढून निंबाच्या फांदीस अडकविला, दोर धरला आणि ते खाली उतरले. त्यांनी का मन बदलले, हे त्यांनी आम्हांस कधीही सांगितले नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही. दुपारपर्यंत गाळाच्या टोपल्या वर येत राहिल्या. गावातील चार तरुणही काही वेळाने येऊन दोर ओढू लागले. बँड नव्हता, लाडू नव्हते, आणि आम्ही मुले त्या लाडवांसाठी मनातून रुसलोच होतो.

आता आमच्या स्वतःच्या वागणुकीविषयी सांगणे प्राप्त आहे. संध्याकाळी पाणी निवळले आणि बायका रांगेने येऊ लागल्या. दोर ओढून देण्याचे काम आम्हां मुलांकडे होते. रांगेत गावातील एका मोठ्या घरची बाई होती. तिचा नंबर आला. आईच्या रिकाम्या घागरीची हकिकत आम्ही रविवारी प्रथमच ऐकली होती आणि ती डोक्यात भिनली होती. आम्ही दोर घट्ट धरून तिला म्हणालो, "दूर उभं राहा. दहा हात दूर."

ती बाई काही बोलली नाही. मान खाली घालून ती मागे सरली, आणि तिच्या मागची सारी रांग एक पाऊल मागे सरकली. तेवढ्यात आजी आली. तिने आमच्या हातून दोर काढून घेतला. आम्हांस वाटले, आता थप्पड बसणार; पण तिने हात उगारला नाही. तिने पोहरा सोडला, स्वतः ओढून काढला, आणि म्हणाली, "ये माय, भर घागर. पोट्ट्याचं मनावर घेऊ नको." मग आमच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "पान्याले कायची जात रे बाप्पा? आपल्याले जे दुखलं, ते दुसऱ्याले द्यायसाठी नसते."

त्या एका वाक्याने आमचा रौप्यमहोत्सव साजरा झाला.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. पोळा आला तेव्हा पुष्कळांच्या दावणी रिकाम्या होत्या. बैल विकले गेले होते. त्या हिवाळ्यात आणि पुढील उन्हाळ्यात सारा महाराष्ट्र दुष्काळी कामांवर उतरला. त्या वेळी मुख्यमंत्री आपल्या विदर्भातीलच श्री. वसंतराव नाईक होते. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे गावोगाव निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. परदेशातून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, ह्यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. १ मे १९७३ रोजी, महाराष्ट्रदिनी, फादरांनी कामाच्या जागीच येऊन प्रार्थना केली. तो दिवस श्रमिक संत योसेफांच्या सणाचा. घमेली बाजूस ठेवून आमची मंडळी उभी राहिली, आणि शेजारी गावातील माणसेही टोप्या काढून उभी राहिली. सर्वांच्या अंगावर एकच धूळ होती. ह्या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ह्या कल्पनेचे जनक श्री. वि. स. पागे होत. देशाच्या पातळीवर तसा कायदा होण्यास २००५ साल उजाडावे लागले.

१९७३ साली पाऊस चांगला झाला. गावची विहीर भरली. वडिलांनी जे भाकीत केले होते ते अंशतः खरे ठरले. काही घरांनी आमच्याकडे येणे सोडले. परंतु सर्वांनी सोडले नाही. आणि गावच्या विहिरीवर आमच्या आयाबहिणींस दहा हात दूर उभे करण्याचे धैर्य पुन्हा कोणास झाले नाही. काही वर्षांनी आजी वारली. दुःखाच्या घरी शेजारपाजारचे लोक पाणी आणि भाकरी आणून देतात, ही आपली रीत. त्या दिवशी आमच्या दारात पहिली घागर जी आली, ती त्या मोठ्या घरच्या बाईच्या डोक्यावरून आली. तिने ती आमच्या आईच्या हाती दिली, आणि आमचे वडील तेथून उठून अंगणात गेले. आम्ही पाहिले, ते डोळे पुशीत होते.

पुढे शाळा-महाविद्यालयात शिकलो तेव्हा कळले की, आमच्या आवारात घडलेली गोष्ट ह्या देशाच्या फार मोठ्या कथेचा एक धागा होती. महात्मा जोतिराव फुले ह्यांनी पुण्यात १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांस खुला केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात विहिरी आणि तलाव ह्यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. परंतु दिल्लीत लिहिलेले अक्षर गावच्या विहिरीच्या काठापर्यंत येण्यास किती वर्षे लागतात, आणि ते शेवटचे दहा हात कोणाला तरी आपल्या पायांनी चालावे लागतात, हे आम्ही १९७२ साली पाहिले.

ज्युबिली हा शब्द आपण आज पुष्कळ वेळा उच्चारला. त्याचे मूळ एका हिब्रू शब्दात आहे. त्याचा अर्थ मेंढ्याचे शिंग. लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात सांगितले आहे की, पन्नासाव्या वर्षी ते शिंग फुंकावे, गुलामांस मोकळे करावे, आणि ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत द्यावी. ख्रिस्तसभेने पहिले पवित्र वर्ष १३०० साली पाळले, आणि १४७० साली पोप दुसरे पॉल ह्यांनी ते दर २५ वर्षांनी यावे असे ठरविले. अलीकडचे २०२५ हे वर्ष त्याच परंपरेतले. तात्पर्य, पवित्र शास्त्रातील ज्युबिलीत देणे आणि सोडणे आहे. जुने येणे, जुना राग, जुना हिशेब सोडावयाचा, आणि आपल्यापाशी जे गोडे पाणी असेल ते खुले करावयाचे.

त्यानंतर १९९७ साली स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव आम्ही पाहिला, आणि २०२२ साली घरोघरी तिरंगा लागला तोही पाहिला. दोन्ही वेळी आनंद झाला. लाडूही मनसोक्त मिळाले. परंतु जेव्हा जेव्हा स्वातंत्र्य हा शब्द कानी पडतो, तेव्हा डोळ्यांपुढे उभा राहतो तो निंबाच्या फांदीवर अडकविलेला वडिलांचा सदरा, आणि कानात घुमतो तो विहिरीच्या तळातून येणारा टिकावाचा आवाज.

आज आमच्या वस्तीत नळ आले आहेत. त्या विहिरीवर जाळी बसविली आहे आणि तिच्यात गाळ साचत चालला आहे. ज्युबिलीच्या ह्या वर्षात आपल्या तरुणांनी एक दिवस तेथे यावे आणि तो गाळ काढावा, अशी आमची नम्र विनंती आहे. दोर आम्ही देऊ. वयामुळे उतरणे आता आम्हांस होणार नाही. आणि ज्याच्या मनात एखादी तशीच बुजलेली विहीर असेल, कोणा भावाशी, कोणा शेजाऱ्याशी, कोणा गावाशी जुने वैर असेल, त्याने तेथीलही गाळ ह्याच वर्षी काढावा. ते काम अधिक कठीण आहे. आमच्या वडिलांस ते एका रविवारपासून मंगळवारपर्यंत करावे लागले, आणि आमच्या समजुतीप्रमाणे त्यांनी आयुष्यात केलेले ते सर्वांत अवघड काम होते.

स्वर्गोन्नत मरियामाता आपल्या धर्मग्रामास, आपल्या जिल्ह्यास आणि आपल्या प्रिय देशास आपल्या पदराखाली घेवो. तिच्या पुत्राने याकोबाच्या विहिरीवर ज्या जिवंत पाण्याचे वचन दिले, ते आपणां सर्वांस लाभो, आणि ते दुसऱ्यास देताना आपला हात कधी आखडू नये, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.

जय ख्रिस्त. जय हिंद.